कोकण किनाऱ्यावर कॅम्परव्हॅनचं ऑनिंग दर वेळी दुपारीच का मोडतं? कारणं आणि उपाय

तक्रार जवळपास ठरलेली असते. सकाळी कॅम्परव्हॅन (राहण्याझोपण्याची सोय असलेली गाडी) समुद्राकाठी लावली, आठ-नऊ वाजता ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूने बाहेर काढायचं कापडी छत, उघडलं, खाली टेबलखुर्च्या मांडल्या, निवांत नाश्ता झाला. वारा नावालाही नव्हता. दुपारी जेवून मंडळी आडवी झाली आणि तीनच्या सुमाराला कापड फडफडायला लागलं. मग धाडकन आवाज. बाहेर येऊन बघावं तर पुढचा दांडा गाडीच्या टपावर, एक पाय वाकलेला आणि गाडीकडच्या बिजागरीचा तुकडा जमिनीवर. दुरुस्ती होते, पुढच्या सहलीत पुन्हा तेच. गाव दिवेआगर असो, गुहागर असो नाहीतर तारकर्ली.

यावर बहुतेक लोक आणखी जाड कापडाचं, आणखी महागडं ऑनिंग घेतात. त्याने फरक पडतो, पण थोडाच. कोकणात ऑनिंग मोडतं ते क्वचितच वादळाने मोडतं. ते मोडतं रोज ठरल्या वेळी येणाऱ्या वाऱ्याने आणि त्या वाऱ्याकडे तोंड करून लावलेल्या गाडीमुळे. वाऱ्याची वेळ आधी माहीत असते आणि गाडी कशी लावायची ते आपल्याच हातात असतं. म्हणून उपायाची सुरुवात दुकानापासून न करता घड्याळापासून करावी असं मला वाटतं.

आधी वारा समजून घ्या

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळेच शिकलो. इथे त्यांचाच संबंध आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. किनाऱ्यावर हा खारा वारा साधारण दहा-अकराच्या पुढे जाणवायला लागतो, दोन ते पाचच्या दरम्यान भरात असतो आणि दिवस मावळल्यावर ओसरतो. रात्री जमीन आधी गार होते आणि उलटा, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो एरवी मंदच असतो, पण थंडीच्या दिवसांत पहाटे सह्याद्रीकडून उतरणारा पूर्वेचा वारा चांगलाच बोचरा आणि जोरकस असू शकतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्रभर उघडं ठेवलेलं ऑनिंग भल्या पहाटेही दगा देतं.

दिशा लक्षात ठेवा. दुपारचा वारा आधी पश्चिमेकडून येतो आणि दिवस कलतो तसा वायव्येकडे सरकतो. मार्च ते मे या काळात जमीन जास्त तापते, त्यामुळे तो अधिक जोरात असतो. नेमका हाच सुट्ट्यांचा हंगाम, म्हणून नुकसानीच्या तक्रारीही याच महिन्यांत जास्त.

मे महिन्याच्या उत्तरार्धात गोष्ट बदलते. वळवाच्या ढगाखालून येणारा झोत कोणतंही वेळापत्रक पाळत नाही. आकाश एका बाजूने काळवंडलं, वारा एकदम पडला आणि मग गार झुळूक लागली, की तुमच्या हातात फार थोडी मिनिटं आहेत असं समजा आणि ऑनिंग आत घ्या. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ऑनिंग उघडूच नका. नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र असतो, वर पाऊस.

चक्रीवादळांबद्दल वेगळं सांगायला नको. 3 जून 2020 रोजी निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात घरांची कौलं, पत्रे, माडपोफळीच्या बागा गेल्या. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकलं, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत झाडं आडवी झाली. अशा वेळी प्रश्न ऑनिंगचा नसतो, गाडीच किनाऱ्यावरून हलवायची असते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, किंवा हवामान खात्याने मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं, की तो निरोप आपल्यासाठीही आहे असं धरून चाला. त्या इशाऱ्यात बहुधा ताशी 45 ते 55 किलोमीटर आणि झोत 65 पर्यंत, अशी भाषा असते. हे आकडे ऑनिंगच्या आवाक्याबाहेरचे आहेत.

मोडतं ते कशाने

वारा ऑनिंगला खाली दाबून मोडतो अशी समजूत आहे. खरं तर तो खालून शिरतो आणि वर उचलतो. पुढचा दांडा उंच, मागे गाडीची भिंत, वर ताणलेलं कापड: वाऱ्याला असं शीड आयतंच मिळतं. शीड होडीला ओढतं, इथे ओढायला फक्त दोन बिजागऱ्या आणि दोन पाय असतात.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. 3 मीटर बाय अडीच मीटरच्या ऑनिंगचं कापड साडेसात चौरस मीटर भरतं. ताशी 20 किलोमीटरचा वारा त्यावर थेट आला तर जोर साधारण 14-15 किलोंचा. तेवढा जोर ऑनिंगचं स्वतःचं वजन कसंबसं पेलतं. वारा 40 ला गेला की तोच जोर 58 किलोंच्या आसपास जातो. 60 च्या झोताला 130 किलो. सकाळी शांत वाटलेलं ऑनिंग दुपारी अचानक का उडतं, त्याचं उत्तर या चढत्या हिशेबात आहे. म्हणून अंदाज बघताना सरासरी वाऱ्याचा आकडा बघू नका, झोताचा बघा. मोडतोड झोतच करतो.

उचलण्याइतकंच घातक आहे फडफडणं. कापड सैल असलं की ते सतत वर-खाली आपटतं आणि प्रत्येक आपटण्याचा हिसका गाडीकडच्या कंसापर्यंत (ऑनिंग गाडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटपर्यंत) पोचतो. एका दिवसात काही होत नाही. पण त्या कंसाच्या बोल्टजवळ नीट बघा. भोक गोल राहिलंय की लांबट झालंय? कडेला काळी भुकटी दिसते का? ती ॲल्युमिनियम घासून निघालेली पूड असते. ती दिसली की हिसके बरेच दिवस चालू आहेत असं समजायचं, पुढच्या जोरदार दुपारी तुटणार ते तिथूनच. कापडाच्या बाबतीत अशीच खूण रोलरला (कापड ज्यावर गुंडाळलं जातं त्या नळीला) लागून असलेल्या शिवणीत दिसते: दोरा पांढुरका पडतो, चिमटीत धरून घासला की तंतू सुटतात. कापड शाबूत असतं, उन्हाने दोरा मेलेला असतो.

गाडी कशी उभी करायची

आपल्याकडे ऑनिंग बहुधा गाडीच्या डाव्या बाजूला असतं. समुद्र दिसावा म्हणून लोक ती बाजू पश्चिमेला करतात, म्हणजे गाडीचं तोंड उत्तरेला. दृश्य छान मिळतं आणि दुपारचा सगळा वारा ऑनिंगच्या उघड्या तोंडात जातो. निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथेच आहे असं माझं निरीक्षण आहे.

गाडीचं तोंड दक्षिणेला करा. डावी बाजू पूर्वेला येते आणि गाडीचं धूडच वारा अडवतं. शिवाय दुपारची सावलीही याच बाजूला पडते, कारण सूर्य पश्चिमेला असतो. समुद्र हवा असेल तर खुर्ची चार पावलं पुढे नेऊन बसावं. याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. टपावरून उडी मारून येणारा वारा आडोशाच्या बाजूला भोवरे करतो, त्यामुळे कापड थोडं फडफडतंच. पण खालून उचलणारा थेट जोर जातो, आणि मोठा धोका तोच.

जागा निवडताना सुरूच्या बनामागे मिळाली तर उत्तम. सुरू वारा पूर्ण अडवत नाही, गाळतो, म्हणून त्याच्यामागे भोवरे कमी होतात. दोन इमारतींच्या किंवा दोन टेकाडांच्या मधली मोकळी जागा टाळा, तिथे वारा निमुळता होऊन वेग घेतो. खाडीच्या मुखाशीही तेच. आणि माडाखाली ऑनिंग उघडू नका. नारळाचं सगळे बोलतात, पण वाळलेलं चुडत (माडाची झावळी) जास्त वेळा पडतं आणि त्याचा देठ कापडातून आरपार जातो.

वाळूवर गाडी नेऊन लावायची हौस टाळा. पुळणीवर गाड्या नेणं बहुतेक ठिकाणी मना आहे आणि चाक रुतलं तर भरतीचं पाणी गाडीपर्यंत येऊ शकतं.

बांधणी: जमिनीप्रमाणे

ऑनिंगबरोबर येणाऱ्या पातळ खुंट्या कोकणातल्या निम्म्या जागी निरुपयोगी आहेत. वाळूत त्या रुतून राहत नाहीत, कातळात शिरत नाहीत.

मोकळ्या वाळूत गोणीचा उपाय सगळ्यात भरवशाचा. तारकर्लीच्या बाजूला एका वयस्कर मच्छीमाराने माझ्या हातातली खुंटी बघून सांगितलं होतं, "खुटो हंयसर ऱ्हवाचो नाय, गोण पुरा." म्हणजे खुंटी इथे टिकायची नाही, गोणी पुरून ठेवा. सिमेंटची रिकामी गोणी अर्धी वाळूने भरायची, तोंड आवळून त्याच गाठीत दोर बांधायचा, हात-दीड हात खोल खड्ड्यात गोणी आडवी ठेवायची आणि वर वाळू ओढून पायाने दाबायची. दोर खड्ड्यातून तिरका, ऑनिंगच्या दिशेने चर पाडून बाहेर काढायचा. सरळ वर काढला तर गोणी उपसली जाते, तिरका काढला तर दोर जितका ओढला जाईल तितकी समोरची वाळू आडवी येते. निघताना गोणी उकरून घ्या. तिथे सोडू नका.

एक अपवाद मात्र कळकळीने सांगतो. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि त्यांची घरटी भरतीरेषेच्या वर, साधारण याच खोलीवर असतात. हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे आपल्या सहलींचाच. अशा ठिकाणी वाळूत खड्डा खणायचाच नाही. ऑनिंग बंद ठेवा किंवा गाडी गावात, अंगणात लावा.

कातळावर, म्हणजे सड्यावर, खुंट ठोकण्यात वेळ घालवू नका. जांभ्याचे चिरे मिळाले तर प्रत्येक पायाला एक-दोन चिरे बांधा. एक चिरा 25-30 किलोंच्या घरात असतो. दोर चिऱ्याला एकेरी गुंडाळू नका, जांभ्याची धार त्याला कापते. मध्ये फडक्याची किंवा ट्यूबची घडी घाला. चिरे नसतील तर पाण्याचे 20 लिटरचे कॅन चालतात, पण वरचा हिशेब आठवा: दोन कॅन म्हणजे 40 किलो, आणि तेही वारा 30-35 च्या आत असेल तोवरच.

लाल मातीच्या अंगणात लांब लोखंडी सळईचे खुंट छान बसतात. दीड फूट लांबीची, बोटभर जाडीची सळई, वरचं टोक वळवलेलं. लोहार किंवा वेल्डिंगवाला हातोहात करून देतो. खुंट ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूला कललेला ठोका, म्हणजे दोराशी तो काटकोन करतो.

दोर पायाच्या उंचीइतक्या अंतरावर बांधला की साधारण 45 अंशांचा कोन मिळतो. प्रत्येक कोपऱ्याला दोन दोर लागतात: एक समोर बाहेरच्या बाजूला, एक बाजूला आडवा. एकाच दोराने ऑनिंग उचललं जात नाही, पण आडवं डोलतं, आणि डोलण्याने पाय वाकतात.

दोर कोणता? ट्रकवाले ज्या गाठीने माल आवळतात ती गाठ येत असेल तर साधा दोरही पुरतो. कापडी रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा पट्टा) हातात असेल तर जपून वापरा. तो फारसा ताणला जात नाही आणि आवळण्याच्या नादात पुढचा दांडाच मध्ये वाकतो. मला सगळ्यात पटलेला उपाय म्हणजे दोर आणि खुंट यांच्यामध्ये टायरच्या ट्यूबची वीतभर पट्टी. झोत आला की रबर ताणतं, हिसका तिथेच मरतो, बिजागरीपर्यंत पोचत नाही. पंक्चरच्या दुकानात जुनी ट्यूब सहज मिळते. खारी हवा आणि ऊन यांनी रबर तडकतं, म्हणून पट्ट्या दर हंगामाला बदला.

पुढची कड जितकी खाली तितकी सुरक्षित. पाय पूर्ण उंच करून उभं राहायला भरपूर जागा करण्याचा मोह होतो. दुपारी ते पाय खाली घ्या, वारा शिरायला तोंडच लहान होतं. शिवाय एक कोपरा दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे पावसाची सर आली तर पाणी वाहून जातं. सपाट ऑनिंगवर मीटरभर लांबरुंद खोलगटात सरासरी 5 सेंटिमीटर पाणी साचलं तरी 50 किलो वजन लटकतं, आणि वर वारा आला तर हे ओझं झोके घेतं.

कापड आणि तिरके आडवे दांडे यांना धरून ठेवणारे चिमटे मिळतात, ते जरूर लावा. फडफड निम्मी होते. बाजूला कनात लावत असाल तर मात्र विचार करा: बंद कापडाची कनात वाऱ्याला आणखी एक भिंत देते. त्याऐवजी शेतीच्या दुकानातली हिरवी शेडनेट लावा. हापूसच्या कलमांच्या रोपवाटिकांवर असते तीच, 50 टक्के सावलीची. वारा तिच्यातून गळून जातो. ज्यांना दिवसभर समुद्राकाठी सावली हवीच आहे त्यांना मी ऑनिंग गुंडाळून, सुरूच्या दोन झाडांना आणि गाडीच्या कॅरियरला शेडनेटच बांधायला सांगतो. फाटली तरी तिची किंमत किती!

कधी आत घ्यायचं

बांधणी कितीही पक्की असली तरी ती फक्त ऑनिंग आत घ्यायला वेळ मिळवून देते. रात्रभर किंवा गाडी सोडून गावात जाताना ते उघडं ठेवण्यासाठी ती नाही. देवळात जायचं आहे, बाजारात जायचं आहे, दुपारी झोपायचं आहे: ऑनिंग आत.

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र नसेल तर डोळे पुरतात. वाळू जमिनीलगत सरपटायला लागली, माडांच्या झावळ्या सगळ्या एकाच बाजूला ओढल्या गेल्या, लाटांच्या माथ्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला, की वारा 20 ओलांडून 30 कडे चाललाय. हीच वेळ. छत्री धरवत नाही अशी अवस्था येईपर्यंत थांबलात तर तो 40 ला पोचलेला असतो आणि तेव्हा ऑनिंग गुंडाळणं हेच धोक्याचं काम होतं.

मोटरवर चालणाऱ्या, हलण्याचा सेन्सर असलेल्या ऑनिंगवाल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सेन्सरने आपोआप आत जाणारं ऑनिंग दोरांनी बांधलेलं असेल तर मोटर ओढत राहते आणि दोर सोडत नाहीत. मोटर तरी जळते किंवा दांडा तरी वाकतो. दोन्हीपैकी एकच करा: बांधलंत तर आपोआप गुंडाळणं बंद ठेवा. बॅटरी उतरली तर सेन्सर काही करू शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मोडलंच तर

वाऱ्यात उडालेल्या ऑनिंगच्या दांड्याला एकट्याने लटकू नका. दोघे जण, दोन्ही टोकांना, दांड्याच्या समोर न उभं राहता बाजूला. झोत ओसरण्याची वाट बघा, आधी पाय खाली घ्या, मग गुंडाळा. स्प्रिंगवर चालणाऱ्या रोलरचं टोक रस्त्यात कधीच उघडू नका. आत पीळ भरलेला असतो, तो सुटला तर हाताची बोटं जातील.

ऑनिंगचा दांडा वाकल्यामुळे ते आत जातच नसेल तर वाकलेला भाग बोल्ट काढून मोकळा करा, कापड हाताने गुंडाळा आणि सगळं गाडीच्या कॅरियरला तीन-चार ठिकाणी आवळा. अर्धवट बंद ऑनिंग घेऊन महामार्गाला लागू नका. मुंबई-गोवा रस्त्यावर समोरून ट्रक गेला की त्याचा झोत कापड ओढून बाहेर काढतो. फेरीबोटीवर चढण्याआधीही पट्टे तपासा. दाभोळ किंवा बाणकोटच्या खाडीत मध्यावर वारा काठापेक्षा बराच जास्त असतो.

कापड फाटलं असेल तर दुरुस्ती-पट्टी दोन्ही बाजूंनी लावा, कोपरे गोल कापून. पट्टी लावण्याआधी ती जागा गोड्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, मिठावर डिंक धरत नाही. कायमच्या शिवणीसाठी शहरातलं खास दुकान शोधत बसू नका. चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, कुठेही रिक्षाचं हूड शिवणारा माणूस असतो. त्याच्याकडे जाड कापडाची शिलाई मशीन असते आणि उन्हात टिकणारा पॉलिएस्टर दोरा कोणता ते त्याला नीट माहीत असतं. सुती दोरा वापरू देऊ नका.

कंस गाडीच्या पत्र्यातून उपटून आला असेल तर नुसता मोठा स्क्रू घालून भागवू नका. पत्रा पातळ असतो. आतून तळहाताएवढी ॲल्युमिनियमची पट्टी लावून बोल्ट आरपार घाला आणि भोकाभोवती सीलंट भरा, नाहीतर पहिल्या पावसात पाणी आतल्या प्लायवूडमध्ये उतरतं. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि भोक पुन्हा लांबट होतं.

किनाऱ्यावरून परतल्यावर ऑनिंग पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः बिजागऱ्या आणि रोलरची टोकं. सावलीत कोरडं होऊ द्या. ओलं गुंडाळलेलं कापड कोकणच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. सांध्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, वाळू चिकटून कानसासारखं काम करते. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे मारा, आणि त्याच वेळी सगळे बोल्ट पान्याने एकदा फिरवून बघा.